भाऊबंदकी झेपेल असं घराणं निवडा

क्रुसेडर किंग्ज ३ हा मध्ययुगीन राजघराणं चालवण्याचा संगणक-खेळ उघडला की पहिल्याच पडद्यावर नावाजलेले राजे मांडून ठेवलेले असतात आणि प्रत्येकाजवळ सोपा, मध्यम, अवघड असा शेरा असतो. बहुतेक जण तीन गोष्टी बघून निवड करतात: नकाशावर रंग किती पसरलाय, नाव ओळखीचं आहे का आणि शेरा काय म्हणतो. तिन्ही गोष्टी पहिल्या राजापुरत्या खऱ्या. खेळ ८६७ किंवा १०६६ मध्ये सुरू होतो (विस्तारपॅक असेल तर ११७८ चाही पर्याय मिळतो) आणि १४५३ पर्यंत चालतो. १०६६ पासून धरलं तरी ३८७ वर्षं, म्हणजे पंधराएक राजे. पहिला कितीही कर्तबगार असो, वीस-पंचवीस वर्षांत तो जातो. तो गेल्यावर मुलखाचे किती तुकडे पडतात, यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून 'आवडतं घराणं कुठलं' हा प्रश्न माझ्या मते 'कुठल्या घराण्याची वाटणी झेपते' असा विचारावा. शौर्य, झेंडा, प्रदेश हे सगळं नंतर.

तपासणी सोपी आहे. राजा निवडा, खेळ सुरू करा, पण घड्याळ थांबलेलंच ठेवा. राज्याच्या खिडकीत वारसाहक्काचा टॅब असतो. राजा आत्ता मेला तर कुठली पदवी कोणाकडे जाईल आणि तुमच्या हातात काय राहील, हे तिथे नावानिशी दिसतं. राजाचं वय, मुलांची संख्या आणि हा टॅब एकत्र बघायचा. साठीतला राजा, चार मुलगे आणि हातात दोन मुकुट असं चित्र दिसलं, तर शेरा 'सोपा' असला तरी ते घराणं सोपं नाही.

कायद्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नव्या खेळाडूंचा निम्मा संताप इथूनच येतो. सुरुवातीला बहुतेकांच्या गळ्यात कॉन्फेडरेट पार्टिशन पडलेलं असतं. यात सगळ्या पात्र मुलांना वाटा मिळतो. थोरल्याकडे मुख्य पदवी आणि राजधानीची काउंटी (नकाशावरचा जिल्ह्याएवढा तुकडा) जाते, बाकीचं धाकट्यांत वाटलं जातं. इथवर सगळ्यांना कळतं. खरी मेख पुढे आहे. तुमच्या मुख्य पदवीच्या तोडीची दुसरी पदवी तयार करण्याइतकी जमीन तुमच्याकडे असेल, तर ती पदवी तुम्ही कधीच तयार केली नसली तरी मृत्यूच्या क्षणी खेळ ती आपणहून तयार करतो आणि दुसऱ्या मुलाला देतो. म्हणून 'दुसरा मुकुट मोडून टाकला की राज्य एकसंध राहील' ही युक्ती या कायद्यात चालत नाही. मुकुट मोडण्यात प्रतिष्ठा जाते आणि तो धाकट्याच्या डोक्यावर पुन्हा उगवतो.

साधा पार्टिशन कायदा आला की हे आपोआप पदव्या तयार होणं थांबतं. हाय पार्टिशनमध्ये थोरल्याचा वाटा किमान निम्मा होतो. सगळं एकाच मुलाला देणारा प्रिमोजेनिचर फार उशिरा येतो. तो उत्तर मध्ययुगातल्या नवकल्पनांपैकी (संस्कृती काळानुसार शिकत जाते त्या सुधारणांपैकी) आहे आणि ते युग कुठल्याही संस्कृतीला १२०० च्या आधी गाठता येत नाही. पार्टिशनसाठी मात्र संस्कृतीकडे 'हेरेडिटरी रूल' ही नवकल्पना असली की पुरे. म्हणून घराणं निवडताना त्याच्या संस्कृतीच्या पानावर एक नजर टाकावी: हेरेडिटरी रूल आहे का, नसेल तर किती दूर आहे, आणि संस्कृतीचा प्रमुख कोण आहे. प्रमुखपद त्या संस्कृतीच्या सर्वाधिक काउंटी ज्याच्या राज्यात असतात त्याला मिळतं, आणि पुढे कुठल्या नवकल्पनेवर भर द्यायचा हे तोच ठरवतो. प्रमुख दुसराच कोणी असेल, तर तो घोडदळावर भर देत बसेल आणि तुमची मुलं तीन पिढ्या वाटण्या करत राहतील.

आणखी एक भेद लक्षात ठेवला की अर्धी भीती जाते. तुम्ही एकाच राज्याचे राजे असाल, तर धाकट्या मुलांना डची (काही काउंटींचा मिळून झालेला, ड्यूकच्या हातातला प्रांत) आणि काउंटी मिळतात आणि ते नव्या राजाचे मांडलिक म्हणून राहतात. मुलूख फुटत नाही, फक्त तुमच्या थेट ताब्यातली खालसा जमीन घटते. पण दोन राज्यांचे राजे असाल, तर धाकटा दुसरं राज्य घेऊन स्वतंत्र होतो. ड्यूकचंही तसंच: स्वतंत्र ड्यूकला एक डची असेल तर भाऊ मांडलिक, दोन असतील तर शेजारी. त्यामुळे दुसऱ्या राज्याच्या निम्म्याहून जास्त काउंटी हातात येण्याच्या बेतात असाल आणि कायदा अजून कॉन्फेडरेटच असेल, तर तिथेच थांबावं. एक-दोन काउंटी कमी घेऊन मेलेला राजा जास्त ठेवून जातो.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर १०६६ चं स्पेनमधलं हिमेना घराणं उघडा. डिसेंबर १०६५ मध्ये पहिला फर्नांदो वारला आणि त्याचं राज्य तिघा मुलांत वाटलं गेलं: थोरल्या सांचोला कास्तिया, मधल्या अल्फोन्सोला लेऑन, धाकट्या गार्सियाला गालिसिया. खेळ सुरू होतो तो या वाटणीनंतर काही महिन्यांनी. इतिहासात पुढे काय झालं ते खेळाडूंना फार ओळखीचं वाटेल. १०७१ मध्ये दोघा थोरल्यांनी मिळून गार्सियाचं राज्य गिळलं. जानेवारी १०७२ मध्ये गोल्पेहेराच्या लढाईत सांचोनं अल्फोन्सोला हरवून हद्दपार केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सामोराच्या वेढ्यात सांचोचा खून झाला आणि हरलेला अल्फोन्सो परत येऊन तिन्ही राज्यांचा धनी झाला. गार्सियाला त्यानं कैदेत टाकलं, ते १०९० मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत.

खेळात अल्फोन्सो किंवा सांचो कोणीही घ्या, पहिली चाल तीच: भावांना बाहेरचे सोयरे मिळण्याआधी लढाई. लग्नं ठरली की मित्रराष्ट्रं येतात आणि मग गालिसियावर हल्ला केला तर समोर आणखी दोघे उभे राहतात. पहिल्या वर्षभरात हे जमलं नाही, तर भावाच्या दरबारातली लग्नं बघून मगच युद्ध पुकारा. आयबेरियाचा विस्तारपॅक असेल तर तिथला संघर्ष कुठल्या टप्प्यात आहे हेही बघावं लागतं, कारण कोणत्या कारणानं युद्ध करता येतं आणि ते किती महाग पडतं हे टप्प्यागणिक बदलतं. आणि तिन्ही मुकुट जिंकलेत म्हणजे काम झालं असं समजू नका. तीन मुकुट आणि तीन मुलं म्हणजे तुम्ही फर्नांदो झालात. इथून बाहेर पडायचा चांगला मार्ग म्हणजे हिस्पानियाचं साम्राज्य. सम्राटपद एकच असलं की भावांना राज्यं मिळाली तरी ते मांडलिक राहतात. तिथवर पोचायच्या आत राजा मरणार असं दिसलं, तर जादा मुलांना धर्मशपथ देऊन वारसाहक्कातून बाहेर काढता येतं, किंवा घराण्याचे प्रमुख तुम्ही असाल तर रिनाउन (घराण्याची साठत जाणारी कीर्ती) खर्चून वारसाहक्क नाकारता येतो. रिनाउन महाग असतो, त्यामुळे हा उपाय एखाद्याच मुलासाठी.

वयाचा मुद्दा मोठ्या राज्यांत जास्त घात करतो. ८६७ चे राष्ट्रकूट घ्या. मान्यखेटची गादी, दख्खनचा बहुतेक भाग, उत्तरेला कनौजचे प्रतिहार आणि त्यांचा मिहिरभोज, पूर्वेला वेंगीचे चालुक्य. नकाशा बघून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण अमोघवर्ष ८१४ मध्ये लहानपणी गादीवर आला. म्हणजे खेळ सुरू होतो तेव्हा त्याच्या राजवटीला अर्धशतक उलटून गेलेलं आहे. इतिहासात तो ८७८ पर्यंत टिकला, खेळात त्याची हमी नाही. तेव्हा इथे मोहिमा काढायच्याच नाहीत. मिळतील ती वर्षं नव्या राजाची सोय करण्यात घालवायची. मोठ्या राज्यात नव्या राजाला पहिलीच अडचण येते ती अल्प राजवटीमुळे मांडलिकांच्या मनात असलेल्या नाराजीची. त्यांचे गट बनतात: कोणाला स्वातंत्र्य हवं, कोणाला राजसत्ता कमी हवी, कोणाला तुमच्या जागी तुमचाच काका हवा. बलाढ्य मांडलिक कोण ते आधीच ओळखून त्यांना मंत्रिमंडळात जागा द्या आणि त्यांच्या घरात मुलगी द्या, पण ती वारसाची बहीण लागेल अशी. खजिन्यात एक भाडोत्री फौज घेण्याइतकं सोनं ठेवून मरा. भाडोत्री फौज तीन वर्षांच्या कराराने मिळते आणि बंडाची पहिली लाट साधारण तेवढ्यात ओसरते.

खालसा जमिनीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण मोठं राज्य हातात आलं की सगळे तीच चूक करतात. राजा झाल्यावर दोनपेक्षा जास्त डची स्वतःकडे ठेवल्या की मांडलिक नाराज होतात. आणि वाटणीचा विचार केला तर दोनसुद्धा जास्तच. राजधानी ज्या डचीत आहे तिच्या सगळ्या काउंटी आपल्या हातात हव्यात आणि इमारतींवरचा पैसा तिथेच जायला हवा, कारण थोरल्याच्या वाट्याला सर्वात खात्रीनं येतो तो हाच भाग. शेतीची सपाट जमीन आणि नदीकाठची पूरभूमी यांतून वाळवंट किंवा डोंगरापेक्षा कितीतरी जास्त उत्पन्न निघतं. तेव्हा घराणं निवडताना राजधानीच्या डचीत किती काउंटी आहेत आणि तिथली जमीन कशी आहे, हे मोजणं संपूर्ण राज्याचा आकार मोजण्यापेक्षा उपयोगी.

११७८ चा बायझंटाईन सम्राट मॅन्युएल कोम्नेनोस हाही वयाचाच प्रश्न, पण उलट्या बाजूनं. त्याचा वारस अलेक्सियोस ११६९ चा, म्हणजे नऊ वर्षांचा. प्रत्यक्षात मॅन्युएल ११८० मध्ये गेला, पोर गादीवर आलं आणि तीन वर्षांत घराण्यातल्याच अँड्रॉनिकोसनं त्याला संपवलं. कॉन्स्टँटिनोपलच्या थिओडोशियन तटबंदीमागे बसून एवढं श्रीमंत शहर खेळायला मिळतं ते ठीक, पण पहिला डाव म्हणून अल्पवयीन वारस कोणी घेऊ नये.

आता एक सापळा, ज्यात मुरलेले खेळाडूही अडकतात. वारस आहे, गुणी आहे, राज्यही त्याच्याकडे एकसंध जातंय, आणि तरी खेळ संपतो. कारण तो तुमच्या घराण्याचा नाही. मरताना तुमच्या घराण्याचा एकही वारस नसेल तर खेळ तिथेच थांबतो, मग राज्य कितीही मोठं असो. याचं उदाहरण चोळांकडे आहे. १०६६ मध्ये वीरराजेंद्र गादीवर होता. १०७० मध्ये तो गेला, मुलगा अधिराजेंद्र काही महिन्यांत मारला गेला आणि पहिला कुलोत्तुंग राजा झाला. त्याची आई पहिल्या राजेंद्र चोळाची मुलगी, पण वडील वेंगीचे पूर्व चालुक्य. इतिहासानं त्याला चोळ म्हटलं आणि गंगैकोंडचोळपुरमच्या दरबारात काही बिघडलं नाही. खेळाच्या हिशेबात मात्र मूल बापाच्या घराण्यात मोजलं जातं, म्हणजे तो चालुक्य. तुम्ही चोळ म्हणून खेळत असता तर पडद्यावर खेळ संपल्याची पाटी आली असती. (त्या वेळी तुम्ही वेंगीकडून खेळत असाल तर मात्र चोळांचं अख्खं राज्य फुकटात.)

उपाय एकच, मातृवंशीय विवाह. लग्न ठरवण्याच्या खिडकीत तेवढी एक खूण करायची असते आणि मग मुलं आईच्या घराण्यात जन्मतात. मुलगी वारस असेल, किंवा मुलाच्या आधी मुलगी गादीच्या रांगेत येण्याची जराही शक्यता असेल, तर तिचं लग्न ठरवताना ही खूण तपासल्याशिवाय प्रस्ताव पाठवू नका. १०६६ ची इटलीतल्या तोस्कानाची माटिल्डा घेणार असाल तर हे पहिल्याच दिवसाचं काम. तिचा जन्म १०४६ चा, म्हणजे वय विशीतलं आणि लग्न व्हायचंय. इतिहासात तिनं दोन लग्नं केली, दोन्ही मोठ्या घरांत, आणि १११५ मध्ये ती गेल्यावर कनोसा घराणंही तिच्याबरोबर संपलं. मोठ्या घरचा वारस मातृवंशीय लग्नाला सहसा तयार होत नाही. तेव्हा एखाद्या राजाचा तिसरा-चौथा मुलगा शोधायचा, गुणी असेल असा. हुशारीचे तीन दर्जे खेळात पिढीजात उतरतात, सगळ्यात वरचा जीनियस. नवरदेवाच्या हुद्द्यापेक्षा हे गुण जास्त मोलाचे.

कॅरोलिंग घराण्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, मी थोडक्यात आटोपतो. ८६७ मध्ये या एकाच घराण्याचे चार राजे गादीवर आहेत: पश्चिमेला टकला चार्ल्स, पूर्वेला जर्मन लुई, मध्ये दुसरा लोथार आणि इटलीत सम्राट दुसरा लुई. घराण्यातले जितके लोक सत्तेवर तितका रिनाउन जास्त, त्यामुळे इथे तो भरभरून येतो. अडचण अशी की तो खर्च करण्याचा अधिकार फक्त घराण्याच्या प्रमुखाला असतो. तुम्ही लोथार घेतलात आणि प्रमुख चार्ल्स असला, तर घराण्याला कायमचे फायदे देणाऱ्या 'वारशा'च्या कुठल्या मार्गावर रिनाउन लावायचा हे तोच ठरवणार आणि तुम्ही बघत बसणार. कॅरोलिंग घ्यायचेच तर आधी प्रमुख कोण ते बघून तोच घ्या. बाकी लोथार आणि सम्राट लुई या दोघांनाही इतिहासात गादी चालवायला औरस मुलगा नव्हता. एक ८६९ मध्ये गेला, दुसरा ८७५ मध्ये, आणि काका-पुतण्यांनी त्यांचा मुलूख वाटून घेतला. खेळातही हे चौघे एकमेकांचे वारस होऊन बसतात. ज्यांना कटकारस्थानात रस आहे त्यांना इथे भरपूर काम आहे.

उत्तरेकडचे नॉर्स (व्हायकिंग) राजे, रॅग्नारची मुलं वगैरे, पहिली पन्नास वर्षं मजा देतात. लूटमार करता येते, सोनं येतं, एकामागून एक राज्यं पडतात. पुढे टोळीशाहीतून सरंजामशाहीत जाण्यासाठी धर्मसुधारणा आणि वाढवलेली टोळीसत्ता लागते आणि तोवर कॉन्फेडरेट पार्टिशन मानगुटीवर बसलेलं असतं. स्कँडिनेव्हियन निवडणुकीचा कायदा लावून मुख्य मुकुट एका हाती ठेवता येतो, पण तो फक्त त्या पदवीपुरता. खालच्या काउंटी पार्टिशननंच वाटल्या जातात, आणि मतदारांनी भलताच चुलता निवडला तर तुमच्या मुलाकडे काउंटी राहतात आणि मुकुट जातो. निवडणुकीचा कायदा घेतलात तर मतांची यादी दरवर्षी बघायची सवय लावून घ्या.

आयर्लंडमधला मन्स्टरचा मुर्खाद हा खेळाच्या शिकवणीतला राजा आहे आणि शिकायला तो खरंच चांगला. आजूबाजूला सगळे त्याच्याएवढेच.

दक्षिण इटलीतल्या अपुलियाचा रॉबर्ट गिस्कार्ड, ओतव्हिल घराण्याचा, हा १०६६ मधला माझ्या दृष्टीनं दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय. समोर सिसिलीत आपसात भांडणारे अमीर, त्यांच्याशी धर्मयुद्धाचं कारण आयतं तयार, आणि जिंकलेली जमीन धाकट्यांना द्यायला मोकळी. इतिहासात सिसिलीची मोहीम १०६१ ला सुरू होऊन १०९१ ला संपली आणि १०७२ मध्ये पालेर्मो पडलं. खेळात ती दहा वर्षांतही उरकते. इथे फसतात ते घाईनं. सिसिली घेतल्यावर डची वाढत जातात, राजा व्हायच्या आतच रॉबर्ट मरतो आणि अपुलिया एकाकडे, सिसिली दुसऱ्याकडे जाते. राज्याची पदवी तयार करण्याइतकी जमीन आणि सोनं जमलं की एक दिवसही थांबू नका.

पहिल्या क्रमांकावर मी बोहेमियाचे (आजच्या चेक प्रदेशाचे) प्रेमिस्लिद ठेवतो, १०६६ मधले.

त्यांच्याकडे वाटणीला एक वेगळंच उत्तर आहे. पहिला ब्रेतिस्लाव १०५५ मध्ये वारला. त्याला पाच मुलगे. त्यानं असा नियम घालून दिला की प्रागची गादी घराण्यातल्या सर्वात वडीलधाऱ्या पुरुषाकडे जावी आणि बाकीच्यांनी मोराविया सांभाळावा. आधी थोरला स्पितिह्नेव आला, १०६१ मध्ये दुसरा व्रातिस्लाव. कोनराड आणि ओटो हे भाऊ ब्रनो आणि ओलोमोत्सकडे. खेळात या नियमाचं रूप म्हणजे हाउस सिनिऑरिटी: घराण्यातला सर्वात वयस्कर पात्र माणूस सगळं घेतो. सुरुवात करताना वारसाहक्काच्या टॅबमध्ये हाच कायदा लागू आहे ना ते बघून घ्या. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात अखंड जाते आणि त्यासाठी १२०० पर्यंत थांबावं लागत नाही.

याची किंमत अशी. वारस म्हातारा असतो. व्रातिस्लाव १०९२ च्या जानेवारीत वारला, कोनराड गादीवर आला आणि सप्टेंबरात तोही गेला. खेळात हेच होतं: साठीचा राजा येतो, अल्प राजवटीची नाराजी अजून उतरलेली नसते तोच पुढचा येतो. दोन-तीन म्हातारे लागोपाठ आले की गट बळावतात. म्हणून इथे दहशत वाढवून ठेवणारा राजा कामाला येतो. दबलेले मांडलिक गटात सामील होत नाहीत. पण दहशत राजाबरोबर जाते, त्यामुळे प्रत्येक नव्या म्हाताऱ्यानं पहिल्याच वर्षी कैदखान्याकडे बघावं, कोणाला शिक्षा करण्यासारखं आहे का.

दुसरी किंमत सोयरिकीची. नेहमीच्या कायद्यात तुमच्या मुलीच्या लग्नातून जोडलेला मित्र तुमच्या मुलाकडेही टिकतो, कारण ती त्याची बहीण. इथे वारस तुमचा भाऊ. त्याची ती पुतणी लागते आणि तेवढ्या नात्यावर युती उभी राहत नाही. राजा मेला की सगळे मित्र एकदम गळतात. तेव्हा वारसाच्या मुलांची लग्नं तुमच्याच मुलांइतक्या काळजीनं ठरवा, निदान जी तुमच्या दरबारात आहेत त्यांची तरी. शिक्षणाचंही तसंच. आज सहा वर्षांचा पुतण्या पन्नास वर्षांनी तुमचा राजा असेल. त्याला चांगला पालक-शिक्षक द्या. सोळाव्या वर्षी शिक्षण संपलं की जे गुण लागले ते लागले.

जागा उत्तम आहे. चहूबाजूंनी डोंगर, आणि तुम्ही पवित्र रोमन साम्राज्याचे मांडलिक, त्यामुळे बाहेरच्यानं हल्ला केला तर तो सम्राटावर होतो. सम्राट चौथा हाइनरिक १०६६ मध्ये जेमतेम पंधरा वर्षांचा, त्याला स्वतःचेच मांडलिक आवरत नाहीत. व्रातिस्लावची बायको स्विएंतोस्लावा ही पोलंडच्या दुसऱ्या बोलेस्लावची बहीण. या नात्यावर युती मिळते का ते पहिल्याच दिवशी बघा. प्रागच्या पूर्वेला कुटना होराची चांदीची खाण आहे. ती काउंटी मांडलिकाकडे असेल तर कशीही करून खालसात आणा. दुसरा वाक्लाव १३०० मध्ये प्रागचे ग्रॉश ही नाणी पाडू लागला ते याच चांदीवर.

क्रम साधारण असा ठेवावा. आधी खाण, मग प्रागच्या भोवतालच्या काउंटी. मोरावियात भावांवर चढाई करायचा मोह होतो, तो टाळा. ते तुमचे वारस आहेत, त्यांची जमीन त्यांच्याबरोबर आपणहून प्रागला येते, आणि आप्ताला मारल्याचा डाग लागला तर सगळं घराणं बिथरतं. राजाची पदवी सम्राटाचा मांडलिक राहूनही घेता येते. व्रातिस्लावनं ती १०८५ मध्ये हाइनरिककडूनच मिळवली. राजा झाल्यावर सरंजामी करार उघडा. सम्राटाचं एखादं गुपित हाती लागलं असेल, तर त्या जोरावर कर किंवा लेव्ही (सम्राटाला द्यायची फौज) कमी करून घेता येतात. साम्राज्यातून बाहेर पडायचं की तिथेच राहून सम्राटपदाची निवडणूक लढवायची हे सम्राट बदलतो त्या वर्षी ठरवा. नवा सम्राट अल्प राजवटीच्या नाराजीत अडकलेला असतो आणि स्वातंत्र्याच्या गटात तेव्हा सॅक्सनी-बव्हेरियाचे ड्यूकही सापडू शकतात. फक्त त्याआधी प्रागच्या गादीवरचा म्हातारा किती वर्षांचा आहे ते बघा. युद्ध चालू असताना तो गेला तर युत्या तुटतात आणि नव्या राजाला तीच लढाई एकट्यानं पुढे न्यावी लागते.